रसाचा गूळ होतांना

दिवाळी उलटून थंडीला सुरुवात झाली, म्हणजे कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतून संध्याकाळच्या वेळीं जाणाऱ्या वाटसरूस गुऱ्हाळ दिसण्यापूर्वीं त्याचा वास येतो. उभ्या उंसांतून गेलेली पायवाट, पलीकडे वर चढणारा धुराचा लोट, आणि त्याबरोबर किंचित् करपट, पण मन ओढून घेणारा तो गोड दरवळ. या वासाशीं कोल्हापूर शहराचें नातें जुनें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविण्यांत आली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठीं. आणि पंचगंगेच्या खोऱ्यांतील गुळाचें नांव थेट गुजरातेपर्यंत गेलें तें या पेठेच्या मार्गानें.

गुऱ्हाळांत जें चालतें तें वरवर पाहतां अगदीं साधें. चरकांतून निघालेला हिरवट, पातळ रस मोठ्या काहिलींत ओततात. खालीं चुलवाणांत वाळलेलीं चिपाडें पेटवितात. आणि कांहीं तासांनीं त्याच काहिलींतून घट्ट, सोनेरी गूळ निघतो. मध्यंतरीं काय घडलें असें गुळव्यास विचारल्यास तो म्हणेल, “रस आटला.” हें उत्तर खोटें नाहीं. परंतु पातेल्यांतलें पाणी आटणें आणि काहिलींतला रस आटणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पाणी आटलें तर भांडें रिकामें होतें, एवढेंच. रस आटतांना मात्र एका-दोन अंशांच्या उष्णतेवर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचें मोल ठरतें.

उंसाच्या रसांत वजनानें शंभरांत सुमारें ऐंशी भाग पाणी असतें, आणि उरलेल्यांत बहुतेक साखर. पाण्याचा रेणू लहान; हायड्रोजनचे दोन परमाणू आणि प्राणवायूचा एक. साखरेचा रेणू त्या मानानें अवाढव्य. त्यांत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि प्राणवायूचे ११ परमाणू असून त्याचें वजन पाण्याच्या रेणूच्या एकोणीसपट भरतें. यावरून हिशेब केला, तर ताज्या रसांत साखरेच्या प्रत्येक रेणूमागें पाण्याचे सुमारें ऐंशी रेणू येतात. गुळव्या काहील उतरवितो त्या वेळीं या ऐंशी सोबत्यांपैकीं दोन-तीनच उरलेले असतात. बाकीचे कसे गेले, आणि ते गेल्यावर मागें राहिलेल्या साखरेचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

स्वस्थ ठेवलेल्या पेल्यांतलें पाणी दिसतें तितकें स्वस्थ नसतें. १८२७ सालीं रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानें पाण्यांतील परागांमधले अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां ते सारखे थरथरत इकडून तिकडे सरकत असलेले त्यास आढळले. ते सजीव असावेत अशी शंका येणें साहजिक होतें. पण कांचेची पूड घेतली, दगडाची पूड घेतली, फार काय इजिप्तमधील स्फिंक्सच्या पाषाणाचा चुरा घेतला, तरी तीच थरथर! हें कोडें जवळजवळ ऐंशी वर्षें राहिलें. १९०५ सालीं आइन्स्टाइननें त्याचा उलगडा गणितानें केला, आणि लवकरच फ्रान्समधील पेरँ या शास्त्रज्ञानें प्रत्यक्ष मोजमापें घेऊन तो पडताळून दाखविला. पाण्याचे अदृश्य रेणू त्या कणांस चोहोंकडून धक्के देत असतात, आणि ते धक्के क्षणोक्षणीं असमान पडल्यामुळें कण हालतो. पाणी तापलें असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां वाढलेली असते ती रेणूंची ही धडपड.

ही धडपड लहानसहान नव्हे. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत रेणूचा वेग सेकंदाला सुमारें ६०० मीटर असतो. म्हणजे हवेंतून जाणाऱ्या आवाजाहूनही तो पुढें. असें असतां पाणी पेल्यांत राहतें, याचें कारण प्रत्येक रेणूस त्याचे शेजारी सोडीत नाहींत. एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याच्या प्राणवायूकडे ओढला जातो. हे बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाएवढ्या अवधींत जुळतात, तुटतात आणि पुन्हां दुसऱ्याशीं जुळतात. धांवण्याची शक्ति सर्वांना आहे. पण धांवायला जागा कोणालाच नाहीं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब थोडा कमी पडतो, आणि पाणी १०० अंशांऐवजीं ९८ अंशांच्या किंचित् वर उकळतें. आतां एक चमत्कारिक प्रश्न. २० अंशांवरचें पाणी ९८ अंशांवर नेलें, तर त्यांतील रेणूंचा वेग किती वाढत असेल? दुप्पट, तिप्पट? मुळींच नाहीं, जेमतेम आठव्या हिश्शानें. कारण बर्फाचें शून्य हें रेणूंचें शून्य नव्हे; त्यांचें शून्य आणखी २७३ अंश खालीं आहे, आणि तेथून मोजल्यास २० आणि ९८ यांतील अंतर फारसें मोठें राहत नाहीं. परंतु एवढ्याच तापण्यानें पाण्याची वाफ होऊन निसटण्याची ओढ, जिला बाष्पदाब म्हणतात, ती चाळीसपट होते. २० अंशांवर ती पाऱ्याच्या साडेसतरा मिलिमीटर स्तंभास तोलून धरते, तर ९८ अंशांवर सातशें मिलिमीटरांहून अधिक स्तंभास. कारण आठव्या हिश्शाचें आणि परिणाम चाळीसपट, हा हिशेब जुळावा कसा?

पुराच्या दिवसांत पंचगंगेच्या घाटावर पोहणाऱ्यांची गर्दी जमली आहे, अशी कल्पना करावी. पात्र रुंदावलेलें, ओढ जबर. शंभरांत एखादाच पैलतीर गांठतो. बाकीचे थोडेंफार अंतर जाऊन परततात. आतां सर्वांच्याच दमांत थोडीशी भर पडली, तर साधारण पोहणारा पूर्वींपेक्षां चार हात पुढें जाईल, इतकेंच. पण पैलतीर गांठणारे मात्र एकाचे पांच-दहा होतील. रेणूंचेंही तसेंच. ते सर्व सारख्या वेगाचे नसतात. कांहीं मंद, बहुतेक मध्यम, आणि अगदीं थोडे असामान्य वेगवान. शेजाऱ्यांचे पाश तोडून हवेंत उडी घेणें हें त्या थोड्यांचें काम. सरासरी जराशी वर सरकली कीं या थोड्यांची संख्या भराभर वाढते. सरासरीवरून जगाचा हिशेब मांडणाऱ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी; काहिलींत जें जें घडतें तें या मूठभरांच्या करणीनें घडतें.

आणि या उडीची किंमतही मोठी आहे. एक किलो पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते. म्हणून काहिलीला उकळी लवकर फुटते, पण पुढें कितीतरी वेळ चुलवाणांत चिपाडें लोटीत राहावें लागतें. सोय इतकीच कीं, ज्या उंसानें हें पाणी आणलें, त्याचींच चिपाडें तें घालविण्यास कामीं येतात.

पाणी जातें याचा उलगडा झाला. साखर कां जात नाहीं, आणि पाण्यांत ती सांठते तरी कशी? थंड सरबतांत साखर घालून न ढवळतां ठेवलें, तर ती तळाशींच बसून राहते, हें घरोघरचें आहे. ढवळलें नाहीं आणि पाणी मुळींच हाललें नाहीं, तर साखरेच्या रेणूस केवळ रेणूंच्या धक्क्यांवर हिंदकळत दहा सेंटिमीटर वर येण्यास साधारण साडेतीन महिने लागतील! गरम पाण्यांत हेंच काम पुष्कळ लवकर होतें, कारण धक्के जोराचे बसतात आणि पाण्याचा चिकटपणाही उतरतो. २० अंशांवर जो असतो तो उकळीच्या सुमारास तिसऱ्या हिश्शाच्याही खालीं येतो.

साखर किती मावते, हेंही उष्णतेवर अवलंबून. २० अंशांवर एक किलो पाण्यांत दोन किलो साखर विरघळते. उकळीच्या सुमारास पावणेपांच किलोच्या आसपास. मात्र तापवलें कीं सर्वच पदार्थ अधिक विरघळतात, असा समज करून घेऊं नये. मिठाला ऊन-गार सारखेंच. हवेंतील प्राणवायु तर उलट वागतो. पाणी तापूं लागतांच तो बाहेर पडतो, आणि म्हणूनच उन्हाळ्यांत तळ्यांतल्या माशांस गुदमरण्याची पाळी येते. चुन्याचाही स्वभाव असाच विपरीत. थंड पाण्यांत जितका विरघळतो, त्याच्या निम्मासुद्धां उकळत्या पाण्यांत विरघळत नाहीं. चुन्याची आठवण येथें उगाच काढलेली नाहीं. गुळाच्या कामीं तो लागतो, आणि कां लागतो हें पाहूं गेल्यास विषयाच्या गाभ्याशींच येऊन पोहोंचावें लागतें.

रस तापूं लागला कीं त्यांतील प्रथिनें गोठून मळी वर येते. रानभेंडीचीं खोडें ठेंचून केलेलें बुळबुळीत पाणी गुळव्या त्यांत ओततो. त्या बुळबुळींत मळीचे बारीक कण अडकून वर तरंगतात आणि झाऱ्यानें काढतां येतात. पण मळी काढून रस निर्मळ दिसला तरी त्यांत एक न दिसणारा शत्रु राहतोच. उंसाचा रस मुळांत किंचित् आम्ल असतो. या आम्लाच्या संगतींत, पाण्याच्या एका रेणूच्या साह्यानें, साखरेचा मोठा रेणू दुभंगतो, आणि त्याच्या द्राक्षशर्करा व फलशर्करा अशा दोन लहान शर्करा होतात. गोडी जात नाहीं; किंबहुना थोडी वाढतेच. जातें तें दाणा धरण्याचें सामर्थ्य. दुभंगलेल्या साखरेचें प्रमाण वाढलें कीं गूळ घट्ट बसत नाहीं, चिकट राहतो, आणि बाजारांत त्याचा भाव पडतो.

या दुभंगण्याचा वेग उष्णतेबरोबर कसा वाढतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. रसायनशास्त्राची एक मोठी शाखाच त्यांतून जन्मास आली आहे. १८५० सालीं जर्मनींतील विल्हेल्मी या संशोधकानें आम्लमिश्रित पाण्यांत उंसाची साखर दुभंगत असतांना तिचें मोजमाप केलें. साखरेच्या पाण्यांतून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडल्यास त्याच्या कंपनाची दिशा एका बाजूस वळते, आणि साखर दुभंगत जाते तसतशी ती दुसऱ्या बाजूस फिरते. त्यामुळें भांड्यास हातही न लावतां किती साखर उरली हें सांगतां येतें. रासायनिक क्रियेच्या वेगास गणिताचा नियम लावण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न समजला जातो. पुढें १८८९ सालीं स्वीडनच्या अऱ्हेनियस यानें याच साखरेच्या आकड्यांवर विचार केला. उष्णतामान थोडेंसें वाढवितांच दुभंगण्याचा वेग अनेक पटींनीं कां वाढावा, हें त्यास उमगेना. रेणूंचा वेग तर इतका वाढत नाहीं. अखेर त्यानें असें अनुमान बांधलें कीं, सर्व साखर दुभंगत नसून, त्या क्षणीं विशेष शक्ति अंगीं असलेले थोडे रेणूच दुभंगतात, आणि उष्णतेनें संख्या वाढते ती या थोड्यांची. पंचगंगेच्या पैलतीरीं पोहोंचणारे ते हेच! आज औषधें किती काळ टिकतील येथपासून दूध कशानें लवकर नासतें येथपर्यंत अनेक प्रश्नांत अऱ्हेनियसचा नियम वापरला जातो; त्याच्या मुळाशीं उंसाची साखर आहे, ही गोष्ट करवीरच्या शेतकऱ्यास सांगितल्यास त्यास खचित कौतुक वाटेल.

काहिलीच्या उष्णतेंत हा वेग दर दहा अंशांस तिपटीच्या जवळपास वाढतो. म्हणजे गुळव्यापुढील पेंच असा: पाणी घालवायचें तर उष्णता हवी, आणि उष्णता वाढली कीं साखर दुभंगते. यावर त्याच्याकडे दोन उपाय आहेत. पहिला चुना, तो रसांतील आम्ल मारतो, आणि आम्ल नसलें म्हणजे उष्णतेचें कांहीं चालत नाहीं. पण चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो आणि चवही बिघडते. तेव्हां हात आंखडूनच घालावा लागतो. दुसरा उपाय त्वरा. काहील उथळ व रुंद, जाळ प्रखर, आणि मध्यें खंड नाहीं. ऊंस तोडून दोन दिवस उन्हांत पडला, गाळलेला रस तसाच राहिला, जाळ मंदावला, तर त्या त्या वेळीं कांहीं साखर दुभंगून बसलेली असते, आणि मग केवढाही निष्णात गुळव्या आणला तरी ती पुन्हां सांधतां येत नाहीं.

आतां काहिलीचा शेवटचा अर्धा तास. पाणी कमी होऊं लागलें कीं उकळीचें उष्णतामान ९८ अंशांवर थांबत नाहीं. पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची दाटी झालेली. पाण्याच्या रेणूंस त्यांचा पाश तोडून निसटावें लागतें. म्हणून अधिक उष्णता हवी. उष्णतामापक लावून पाहिल्यास १०५ अंशांच्या सुमारास काकवी होते. त्यापुढें रस फुगून काहिलीबाहेर येऊं पाहतो, तेव्हां तेलाचा एक शिंतोडा त्याला जागेवर बसवितो. ११० अंश, ११२ अंश. आतां बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, फुटतांना धप् असा आवाज करतात. ११६ ते ११८ अंशांच्या दरम्यान गुळाची वेळ येते. शंभर भागांत पाण्याचे दहा-पंधराच भाग उरलेले असतात. साखरेच्या रेणूमागें सोबती दोन किंवा तीन.

या ठिकाणीं गुळव्या उष्णतामापक मागत नाहीं. गार पाण्याचें भांडें पुढें ओढून तो काहिलींतला थेंबभर पाक त्यांत सोडतो आणि बोटांनीं वळतो. गोळी वळते कीं पसरते, मऊ लागते कीं टणक, भांड्याच्या कांठावर आपटल्यास वाजते कीं नाहीं, एवढ्यावरून तो काहील उतरविण्याचा निर्णय घेतो. दोन अंश आधीं उतरविली तर पाणी जास्त राहून गूळ मऊ पडेल. दोन अंश उशीर झाला तर साखर करपून रंग काळा होईल आणि कडवट वास लागेल. रात्रभर गाळलेल्या उंसाचा रस त्या काहिलींत आहे, ऊंस वाढविण्यांत शेतकऱ्याचें वर्ष गेलें आहे, आणि निर्णयास अवधि मिनिटाचा. साऱ्या गुऱ्हाळांत या माणसाचा शब्द शेवटचा कां मानला जातो, हें यावरून कळेल.

गृहिणींना हें दृश्य परकें वाटणार नाहीं. शंकरपाळ्यांना लागणारा एकतारी पाक, लाडवांना दोनतारी, चिक्कीला गोळीबंद, हे प्रकार म्हणजे पाण्याच्या रेणूंची मोजदादच आहे. ती दोन बोटांच्या मध्यें होते, एवढेंच. तारेंतील फरक अंशांनीं मोजला तर अगदीं थोडा, पण लाडू दगडासारखे होतात कीं भुसभुशीत राहतात, हें त्यावरच. पाक साखरूं नये म्हणून त्यांत लिंबू पिळण्याची जी चाल आहे, तिचाही उलगडा आतां होईल. लिंबाच्या आम्लानें थोडी साखर दुभंगते, आणि ते निराळ्या घडणीचे रेणू दाणा बनूं पाहणाऱ्या साखरेच्या रांगेंत शिरून तिची घडी मोडतात. गुळव्या ज्या शत्रूला चुन्यानें हांकलतो, त्यालाच स्वयंपाकघरांत लिंबानें बोलावून आणतात.

काहील उतरली कीं पाक वाफ्यांत ओततात. येथें उष्णतेचें काम संपून थंडीचें सुरू होतें. आतां एक किलो पाण्यामागें सहा-सात किलो साखर आहे, आणि उष्णतामान उतरत चाललें आहे. निवाल्यावर एवढ्या पाण्यास दोन किलोंहून थोडीच अधिक साखर पेलवेल. उरलेलीस बाहेर पडण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण पाक जसा गार होतो तसा घट्ट होतो, आणि रेणूंस हालतां येत नाहीं. शंभरांत साठ भाग साखर असलेला पाक २० अंशांवर पाण्याहून सुमारें साठपट चिकट असतो. तोच ८० अंशांवर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच चिकट. म्हणून पाक ऊन आहे तोंवरच माणसें तो ढवळून घोटीत राहतात. ढवळण्यानें एकेका दाण्याभोंवतीं नवे रेणू येऊन बसतात, दाणे बारीक व पुष्कळ होतात, आणि उरलेलें कांहीं पाणीही जातें. मग कापड घातलेल्या सांच्यांत तो भरला कीं कांहीं वेळानें ढेप निघते. कोल्हापूरच्या बाजारांत तिला रवा म्हणतात.

ढेप बांधली गेली तरी पाण्याच्या रेणूंचें येणें-जाणें थांबत नाहीं. हिंवाळ्यांत खडखडीत असलेला गूळ आषाढांत डब्यांत ओलसर होतो, आणि कधीं कधीं त्याच्या कडेनें काकवीसारखा पाझर फुटतो. काहिलींतून जे वाफ होऊन निघून गेले तशाच पाण्याच्या रेणूंनीं पावसाळी हवा भरलेली असते, आणि गुळांतील दुभंगलेली साखर, विशेषतः फलशर्करा, त्यांना आपल्याकडे ओढून घेते. ज्या ढेपेंत ती कमी, ती ढेप पावसाळा बऱ्या रीतीनें काढते. म्हणून कार्तिकांत गूळ घेतांना जुनी जाणती माणसें त्याचा नुसता रंग पाहत नाहींत. ढेपेला टिचकी मारतात, एक कोपरा मोडून आंतला दाणा पाहतात, आणि मगच घरीं नेऊन घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवतात.